पिकअप घेताना टन मोजू नका, भाडं मोजा

पालमच्या पोरांचा वाद ठरलेला: महिंद्राची बोलेरो पिकअप घ्यावी की टाटाची योद्धा? 2022 मध्ये आलेली योद्धा 2.0 दोन टन, म्हणजे वीस क्विंटल उचलते. सोयाबीनच्या पोत्यांना ते ठीक. सुटा कापूस मात्र वजन भरण्याआधीच हौदा भरून टाकतो. तिथं टन नाही, हौद्याची लांबी कामाला येते. पाटा तुटला तर गंगाखेडात कोणत्या गाडीचा फिटर आणि सुटा भाग मिळतो, तेही आधी विचारा.

माझं मत विचाराल तर पहिली गाडी जुनीच बघा, शक्यतो रोखीची. भाडं सुगीत मिळतं. हप्ता मे महिन्यातही येतो. तो थकत गेला की गाडी ओढून नेतात, मग ती महिंद्राची असो की टाटाची.