खर्चाचा वाटा कोणाच्या माथी?

परक्या देशात ठेवलेल्या सैन्याचा खर्च कोणी किती सोसायचा यावर दोन सरकारांची घासाघीस चालते, तेव्हा आपल्याला वाटते, हा तर जमाखर्चाचा, पुरुषांचा विषय. मलाही तसेच वाटायचे. जपानची हकीकत समजल्यावर वाटेनासे झाले.

तिथल्या अमेरिकन तळांचा काही खर्च १९७८ पासून जपान सरकार आपणहून उचलू लागले. सुरुवात जपानी कामगारांवरच्या खर्चाने झाली. मग सैनिकांची घरे, वीज, पाणी, करमणूक केंद्रांतल्या नोकरांचे पगारही आले. २०२२ ते २०२६ या पाच आर्थिक वर्षांसाठी ठरलेली रक्कम सुमारे १ लाख ५ हजार कोटी येन. याला जपानी लोक ‘ओमोइयारी’चे, म्हणजे आपुलकीचे, अंदाजपत्रक म्हणत आले. आपुलकी! पाहुण्याचे कोडकौतुक घरधन्याने करायचे आणि उष्टी-खरकटी बाईने काढायची, ही रीत आपल्याला नवी नाही.

ओकिनावा म्हणजे जपानची जेमतेम ०.६ टक्के भूमी. पण केवळ अमेरिकन सैन्याच्या वापरात असलेल्या तळांची सुमारे ७० टक्के जमीन तिथे आहे. सप्टेंबर १९९५ मध्ये तिथे तीन अमेरिकन सैनिकांनी बारा वर्षांच्या मुलीला भाड्याच्या मोटारीतून पळवून नेऊन तिच्यावर बलात्कार केला. पॅसिफिकमधल्या अमेरिकन फौजांचे प्रमुख ॲडमिरल रिचर्ड मॅकी यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की मोटारीच्या भाड्यात त्यांना पोरगी मिळाली असती. त्यांना पद सोडावे लागले हे खरे. पण असा हिशेब मांडणारे ते एकटे नव्हते. दक्षिण कोरियात सरकारनेच तळांभोवतीच्या वस्त्यांतल्या बायकांची सक्तीने गुप्तरोग तपासणी केली, त्यांना डांबले, वर डॉलर मिळवणाऱ्या देशभक्त म्हणून शाबासकीही दिली. २०१४ मध्ये १२२ जणी कोर्टात गेल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारला जबाबदार धरले.

बीजिंगच्या महिला परिषदेहून परतलेल्या सुझुयो ताकाझातो आणि त्यांच्या मैत्रिणींनी ओकिनावात १९९५ मध्येच लष्करी हिंसेविरुद्ध संघटना उभारली. १९४५ पासूनच्या सैनिकी लैंगिक अत्याचारांची त्यांनी सालवार नोंदवही केली. खर्चाचा करार करताना ही वही कोणी उघडत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार झाला, मार्च २०२४ मध्ये सैनिकावर आरोपपत्र दाखल झाले. केंद्र सरकारला ते ठाऊक होते, ओकिनावाच्या प्रांतिक सरकारला मात्र जूनमध्ये कळले.

तळांचा भार इतर प्रांतांनी वाटून घ्यावा, असे काही भली माणसे सुचवतात. मला ते पटत नाही. तळ दुसरीकडे नेला, की तिथल्या मुलींच्या दारात गेला. वाटणी नको, तळच नकोत, ही ओकिनावातल्या या बायकांची मागणी आहे आणि मी त्यांच्या बाजूने आहे.