गुणवंतांचा शोध की ग्राहकांचा?

दहावी-बारावीचे निकाल लागले की शहरांच्या चौकाचौकांत फलक झळकू लागतात. पंच्याण्णव, अठ्ठ्याण्णव टक्के गुण मिळवणाऱ्या मुलामुलींची छायाचित्रे, त्यांखाली शाळेचे नाव आणि त्याहून मोठ्या अक्षरांत ‘प्रवेश सुरू’. बुद्धिमान मूल पोटी आले की त्याला ऐपतीबाहेरच्या खासगी शाळेत घालणे हे आईबापांचे जणू धर्मकर्तव्यच होय, ही समजूत गेल्या तीन दशकांत मध्यमवर्गात पक्की रुजली आहे. सरकारी शाळा म्हणजे निरुपाय आणि खासगी शाळा म्हणजे गुणवत्ता! हे समीकरण तपासून पाहण्याची तसदी मात्र सहसा कोणी घेत नाही.

तपासायचे तर पहिला प्रश्न असा की, ही शाळा निवडते कोणाला? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे तेरावे कलम शाळाप्रवेशाच्या वेळी बालकाची अथवा त्याच्या पालकांची चाचणी वा मुलाखत घेण्यास मनाई करते. देणगी घेण्यासही तेच कलम मनाई करते. तिचे पालन कसे होते, याविषयी न बोललेलेच बरे. म्हणजे तीनचार वर्षांच्या कोणत्या मुलाची बुद्धी असामान्य आहे, हे खासगी शाळेला प्रवेश देताना ठाऊक नसते आणि कायद्याने ते ठाऊक करून घेताही येत नाही. ठाऊक असते ते एवढेच की, पालक शुल्क भरू शकतो. बुद्धीची परीक्षा घेण्यास बंदी आणि खिशाची परीक्षा घेण्यास मुभा, अशी ही व्यवस्था आहे. अशा शाळेने दहा वर्षांनंतर आपल्या गुणवंतांची छायाचित्रे लावावीत आणि ते यश आपल्या वातानुकूलित वर्गांचे म्हणून मिरवावे, यात प्रामाणिकपणा कितीसा आहे?

याच कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांतील पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखल्या. त्या सोडतीने भरल्या जातात, गुणवत्तेने नव्हे. तरीही त्या निमित्ताने एखादे हुशार गरीब मूल आत जाण्याची शक्यता होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत शासकीय वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जबाबदारीतून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सूट रद्दबातल ठरवली. ज्यांना गुणवत्तेची एवढी चाड, त्यांच्यासाठी पंचवीस टक्क्यांचे हे दारही न्यायालयाला उघडे ठेवावे लागले!

आता दुसरी बाजू. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नवोदय विद्यालयांची कल्पना मांडली. तिचा प्रारंभ हरियाणातील झज्जर आणि महाराष्ट्रातील अमरावती येथील दोन विद्यालयांनी झाला होता. पाचवीतल्या मुलांची परीक्षा घ्यायची, जिल्ह्यातून ऐंशी मुले निवडायची, किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांना द्यायच्या, एक तृतीयांश मुलींना द्यायच्या आणि निवासासह सारे शिक्षण सरकारने करायचे. सुरुवातीची वर्षे मुलाच्या स्वतःच्या भाषेत शिकवायचे. नववीत काही मुलांनी वर्षभर दुसऱ्या भाषेच्या राज्यातील नवोदयात राहायचे. मातृभाषेत पाया आणि देशाची ओळख, या दोन्ही गोष्टी एकाच शाळेत देणारी दुसरी योजना या देशात क्वचितच सापडेल.

२०२४ च्या केंद्रीय मंडळाच्या बारावीच्या निकालात नवोदय विद्यालयांचा निकाल ९८.९० टक्के होता आणि खासगी स्वतंत्र शाळांचा ८७.७० टक्के. यावर आक्षेप येईल की नवोदयात वेचलेलीच मुले असतात, तेव्हा ही तुलना न्याय्य नाही. आक्षेप मान्य! पण मग केंद्रीय विद्यालयांचे काय? तेथे पहिलीला बुद्धीची परीक्षा नाही, प्रवेश मुख्यतः बदलीच्या नोकरीतील कर्मचाऱ्यांच्या मुलांना. त्यांचाही निकाल त्या वर्षी ९८.८१ टक्के लागला. शिवाय नवोदयातली मुले वेचलेली असतात, हाच तर मुद्दा आहे. वाडीवरच्या शेतमजुराच्या मुलाला वेचायला कोण गेले होते? फलक लावणाऱ्या संस्था तर खचितच नव्हेत.

डॉ. रघुनाथ माशेलकर यांची हकिकत त्यांनीच अनेकदा सांगितली आहे. गिरगावात खेतवाडीच्या महापालिका शाळेत शिकलेल्या या मुलाच्या माध्यमिक शाळेतील प्रवेशासाठी आईला एकवीस रुपये जमवायचे होते. ते जमेपर्यंत बऱ्या शाळांचे प्रवेश संपले आणि मुलगा गरिबांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या युनियन हायस्कूलमध्ये गेला. तेथे भावे सरांनी भिंगाने कागद जाळून दाखवला आणि त्या मुलाला विज्ञानाची वाट दिसली. १९६० च्या शालान्त परीक्षेत तो राज्यात अकरावा आला. ज्या शाळांना एकवीस रुपये वेळेवर मिळाले नाहीत, त्यांनी भारताचा एक शास्त्रज्ञ गमावला. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर साताऱ्याच्या सरकारी शाळेत आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूल या सरकारी शाळेतच शिकले. अस्पृश्यतेचे चटके तेथेही त्यांना बसले, हे सांगितलेच पाहिजे. परंतु दार निदान उघडे होते. त्या काळी खासगी दारे त्यांच्यासाठी कितपत उघडली असती, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे.

येथे एक भेद करणे अगत्याचे आहे. खासगी म्हणजे सारेच वाईट, असे कोणी म्हणणार नाही. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडणारे चिपळूणकर, टिळक, आगरकर आणि नामजोशी सरकारी नोकर नव्हते. १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी उभी करणाऱ्या आप्पा पेंडसे यांनी १९६९ मध्ये बुद्धिमान मुलांसाठी प्रशाला काढली, तीही समाजाच्या बळावर. तिथे मुलाच्या बुद्धीची शास्त्रीय चाचणी होते. बुद्धी ही समाजाची ठेव आहे आणि ती समाजाला परत करायची आहे, हा संस्कार तिथे दिला जातो. १९९३ च्या भूकंपानंतर ती संस्था धाराशिव जिल्ह्यातील हराळीला गेली, हे त्या संस्काराचेच फलित. पण हे समाजाचे शिक्षण आहे, बाजाराचे नव्हे. आज ‘खासगी शाळा’ या शब्दाखाली टिळक-आगरकरांच्या पुण्याईवर जे दुकान चालवू पाहतात, त्यांनी ती पुण्याई उसनी घेऊ नये.

विरुद्ध टोकाला दुसरा वर्ग उभा आहे. हुशार मुले वेगळी काढणे म्हणजे अभिजनवाद, असे सांगणारे समतावादी विचारवंत प्रत्येक चाचणीविरुद्ध लेख लिहितात आणि स्वतःच्या मुलांना मात्र शहरातील नामांकित शाळांत धाडतात. सर्वांना एकाच संथ गतीने चालवण्याने श्रीमंताच्या हुशार मुलाचे काही बिघडत नाही. त्याला शिकवणीवर्ग आहेत, घरी ग्रंथालय आहे. मुकावे लागते ते शिक्षकाखेरीज दुसरा कोणताही आधार नसलेल्या मुलाला.

सरकारी व्यवस्थेचा खरा अपराध मात्र तिच्या शाळा वाईट आहेत हा नव्हे. गुणवंत शोधण्याचे जे काम तिलाच जमत होते, ते तिनेच सोडून दिले, हा आहे. १९६३ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय प्रज्ञा शोध योजना २०२२ मध्ये स्थगित करण्यात आली. साठच्या दशकात राज्याने ग्रामीण गुणवंतांसाठी पुसेगाव, औरंगाबाद, धुळे, अमरावती येथे विद्यानिकेतने काढली. आज किती पालकांना त्यांची नावे ठाऊक आहेत? आणि चौथी-सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा! ती २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला नेण्यात आली. जिल्हा परिषदेच्या बहुसंख्य प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच असतात. संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात शिष्यवृत्तीचे जादा तास घेणारा, गावातले एक नाव तालुक्याच्या यादीत झळकावे म्हणून धडपडणारा गुरुजी त्या एका निर्णयाने या शोधातून बाहेर फेकला गेला. २०२५ मध्ये शासनाने ही परीक्षा पुन्हा चौथी आणि सातवीला नेण्याचे ठरवले. मधली नऊ वर्षे ज्या मुलांची गेली, त्यांच्यातील किती माशेलकर हरवले, याचा हिशेब कोणत्याही खात्याकडे नाही.

परीक्षा चौथीला परत आली, एवढ्याने भागणारे नाही. यादीत नाव आलेल्या मुलाने पाचवीला जायचे कोठे? जिल्ह्यात नवोदय एक, तिथल्या जागा ऐंशी, आणि तिथे प्रवेश मिळतो तो सहावीत. तालुक्यागणिक एक तरी निवासी, विनाशुल्क, मराठी माध्यमाचे आणि परीक्षेने प्रवेश देणारे विद्यालय उभे करण्यास जो पैसा लागेल, त्याची तरतूद अर्थसंकल्पात कोणत्या शीर्षाखाली आणि कोणत्या वर्षी करणार, हे शिक्षणमंत्र्यांनी विधिमंडळात सांगावे.