डिझेल इंजिने भंगारात जाण्याआधी

मराठवाड्यातल्या रुळांवर विजेच्या तारा आल्या आणि डिझेल इंजिनांचा राबता झपाट्याने कमी झाला. इंधन वाचते, धूर टळतो, गाडीला वेग येतो; त्यामुळे या बदलाबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. १९६२ मध्ये अमेरिकेच्या अल्को कंपनीशी करार झाला, १९६४ मध्ये वाराणसीच्या कारखान्यातून पहिले डब्ल्यूडीएम-२ बाहेर पडले आणि पुढे या एकाच वर्गाची अडीच हजारांहून अधिक इंजिने देशभर धावली. त्याच कारखान्याच्या नावातून २०२० मध्ये ‘डिझेल’ गेले. एक कालखंड संपत आला आहे आणि संपता संपता तो आपल्या हातून निसटतो आहे. नांदेड आणि लातूरच्या तंत्रशिक्षण संस्थांनी या भागात धावलेल्या डिझेल इंजिनांच्या, सगळ्या बारकाव्यांसह, लहान प्रतिकृती आत्ताच करायला घ्याव्यात, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. फोटोसाठी पाहणे पुरते. प्रतिकृतीसाठी मोजावे लागते, आणि हे मोजणे इंजिन समोर उभे आहे तोवरच शक्य आहे.

बारकावे म्हणजे काय, हे एकाच इंजिनाकडे जवळून पाहिले तरी कळते. डब्ल्यूडीएम-२ ची लांबी १७ मीटरच्या थोडी वर. जगभर सर्वाधिक चालणाऱ्या १:८७ या प्रमाणात ती २० सेंटिमीटरच्या आतबाहेर येते. बाजारातले साधे प्लॅस्टिकचे मॉडेल लांबूनच ओळखू येते, कारण त्याचे रेलिंग साच्यातून काढलेले आणि जाड असते. साडेतीन सेंटिमीटर जाडीचा नळ या प्रमाणात ०.४ मिलिमीटरचा व्हायला हवा. तेवढ्या जाडीची पितळी तार वाकवून, छिद्रे पाडून, सोल्डर करून बसवली की इंजिनाचा चेहराच बदलतो. बोगीतले तीन ॲक्सल एकमेकांपासून सारख्या अंतरावर नसतात. ‘ट्रायमाउंट’ बोगीची ती ओळखच आहे, आणि भलत्याच इंजिनाची बोगी खाली ढकलून दिली तर जाणकाराला ती लगेच खुपते. बफरच्या पट्टीवर लोंबणाऱ्या नळ्या तर सरळ काळ सांगतात. सुरुवातीची इंजिने व्हॅक्यूम ब्रेकच्या गाड्या ओढत, तेव्हा जाड नळी दिसे. पुढे एअर ब्रेकची जोड मिळालेल्या इंजिनांना डब्ल्यूडीएम-२ए म्हणू लागले आणि पट्टीवर नळ्यांची दाटी झाली. शेवटी व्हॅक्यूमची नळी गेलीच. पुढचा एकच मोठा दिवा जाऊन दोन भिंगांचा आला. काही इंजिनांचे शॉर्ट हूड, म्हणजे कॅबपुढचे आखूड नाक, ठेंगणे आणि काचा मोठ्या होत्या. शौकीन त्यांना ‘जंबो’ म्हणतात. रंगसंगती लोको शेडनुसार वेगळी: पुणे, मौला अली, काझीपेट, गुत्ती. म्हणजे नुसते ‘डिझेल इंजिन’ असे मॉडेल करताच येत नाही. कोणत्या क्रमांकाचे, कोणत्या शेडचे, कोणत्या वर्षीचे, हे आधी ठरवावे लागते. रंगकामातही तेच. अल्कोचे इंजिन जोर घेताना काळा धूर सोडी, त्याची काजळी हूडच्या माथ्यावर साचे; टाकीच्या तोंडाखाली तेलाचे ओघळ, बोगीवर ब्रेकची तांबूस धूळ. आणि ते इंजिन ज्या रुळावर उभे करायचे त्याखालची खडी आपल्याकडे काळ्या बसाल्टची असते. परदेशी पाकिटातली फिकट खडी पसरली की नांदेडजवळच्या मुदखेडचे स्टेशन मुदखेडचे राहत नाही.

रुळांच्या मापाचा प्रश्न या शौकातला जुना वाद आहे. १:८७ चे रूळ १६.५ मिलिमीटर रुंद असतात. आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर या प्रमाणात १९ च्या पुढे जातात, त्यामुळे इंजिन अरुंद पायांवर उभे दिसते. १:१०० प्रमाण घेतले तर तेच १६.५ चे रूळ जवळजवळ अचूक बसतात, मात्र तयार सुटे भाग मिळणे कठीण होते. मराठवाड्याच्या बाबतीत गंमत अशी की इथून नाहीसे झालेले दोन्ही गेज तयार रुळांवर चपखल बसतात. मनमाड–पूर्णा–सिकंदराबाद आणि पूर्णा–अकोला या मीटरगेजसाठी १२ मिलिमीटरचे रूळ मिळतात, हिशेबाने हवेत साडेअकरा. वायडीएम-४ इंजिने, अजिंठा एक्स्प्रेस, जयपूरला जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस, हे सगळे त्यावर उभे करता येईल. पूर्णा–अकोला मार्गाचे रुंदीकरण २००८ चे, म्हणजे वायडीएम-४ हाताळलेली माणसे अजून आपल्यात आहेत. लातूरची छोटी रेल्वे ७६२ मिलिमीटरची. तिला ९ मिलिमीटरचे रूळ चालतात आणि फरक पाव मिलिमीटरचा पडतो. ही बार्शी लाइट रेल्वे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने १८९७ मध्ये सुरू केली आणि १९११ मध्ये ती लातूरला पोचली. त्याच कॅलथ्रॉपने बार्शीच्या अनुभवावर इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे बांधली. ती १९०४ मध्ये सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंद पडली. तिची दोन्ही इंजिने मोडीत गेली. तरीही तिथले शौकीन त्या इंजिनांची मॉडेले आजही रिव्हेटसकट करतात. तीस वर्षे चाललेल्या धाकट्या बहिणीची जगभर ओळख आहे. शंभरी ओलांडलेल्या थोरलीकडे आपण लक्ष दिले नाही, आणि डिझेलच्या बाबतीत पुन्हा तेच होऊ द्यायचे का, हा माझा प्रश्न आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की फोटो आहेत, कारखान्याचे आराखडे आहेत, मग मॉडेल कशाला? आराखडा वर्गाचा असतो. शेडने नंतर लावलेली पायरी, बदललेली जाळी, ठिगळ मारलेला पत्रा त्यात नसतो. फोटो बहुतेक समोरून, उन्हात काढलेले असतात; छत आणि सांगाड्याखालचा भाग त्यात क्वचितच येतो. मॉडेल करणाऱ्याला मात्र सगळ्या बाजू लागतात. दुसरे म्हणणे, खरे इंजिनच स्टेशनबाहेर चौथऱ्यावर ठेवा. जरूर ठेवावे. पण चौथऱ्यावरच्या इंजिनाला दर काही वर्षांनी चकचकीत ऑइलपेंट बसतो, सुटे भाग गळत जातात, आणि कालांतराने त्याचा मूळ रंग कोणता होता हेही सांगता येत नाही. शिवाय चौथऱ्यावर एकच इंजिन मावते. तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो खरा आहे: मोटर, डिजिटल नियंत्रण, आयात केलेले रूळ यांचा खर्च सामान्य घराला झेपणारा नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात १९९८ पासून धावती मॉडेले पाहायला मिळतात. तसे काही उभारणे एखाद्या शाळेच्या आवाक्याबाहेरचेच आहे. पण नोंद म्हणून केलेले मॉडेल धावलेच पाहिजे असे नाही. प्लॅस्टिकची शीट, पितळी तार, कानस, पॉलिश पेपर आणि संस्थेत असलेला थ्रीडी प्रिंटर एवढ्यावर उभे मॉडेल होते. पैशांपेक्षा वेळच जास्त लागतो.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. प्यायला पाणी नाही, हाताला काम नाही, अशा भागात ही चैन कशाला? याला टाळून पुढे जाणे बरोबर नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरच्या नळांना पाणी नव्हते तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या खेपेला १० वाघिणी आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी होते, पुढे ५० वाघिणींची गाडी सुरू झाली. तारा नसलेल्या त्या मार्गावर ती डिझेल इंजिनानेच ओढली, आणि मार्ग तोच, बार्शी लाइट रेल्वेचा, रुंदीकरण झालेला. छोट्या गेजवर त्या वाघिणी येऊच शकल्या नसत्या. एका टेबलावर छोटी गाडी आणि शेजारी ती पाण्याची गाडी, दोन्ही एकाच प्रमाणात ठेवून पाहा. दुष्काळ, रुंदीकरण आणि लातूर यांचे नाते शाळकरी मुलालाही समजेल. कामाच्या प्रश्नाचेही तसेच आहे. लातूरजवळ मराठवाडा रेल्वे कोच कारखाना उभा आहे. दशांश मिलिमीटरमध्ये मोजणे, आराखडा वाचणे, सोल्डर नीट धरणे ही कौशल्ये तिथेही लागतात आणि मॉडेल करतानाही. एका मॉडेलने नोकरी मिळते असे कोणी म्हणणार नाही, पण हात तयार होतो.

सुरुवात करायला फार काही लागत नाही. नांदेडची श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आणि लातूरचा शासकीय आयटीआय यांनी नांदेड आणि सोलापूर विभागांच्या रेल्वे व्यवस्थापकांकडे एका डिझेल इंजिनाची मापे घेण्याची परवानगी मागावी. सुरक्षेच्या नियमांमुळे ती सहज मिळणार नाही, म्हणून अर्ज संस्थेच्या नावाने आणि रेल्वेचा एक कर्मचारी सोबत देण्याच्या विनंतीसह करावा. छत, बोगी, ब्रेकचे नळ, कॅबमधला कंट्रोल स्टँड आणि रंगाच्या पट्ट्यांची रुंदी आधी घ्यावी, कारण नेमक्या याच गोष्टी फोटोत सापडत नाहीत. निवृत्त लोको पायलट आणि फिटर यांना बोलावून कोणता भाग केव्हा बदलला ते लिहून घ्यावे. मापे सर्वांसाठी खुली ठेवावीत, म्हणजे परळीतला किंवा हिंगोलीतला एखादा मुलगा घरी बसून तेच इंजिन पुठ्ठ्यात करू शकेल. इंजिन एकदा लिलावात निघाले आणि गॅस कटरखाली गेले की यातले एकही माप परत घेता येणार नाही.