फेलोशिप संपल्यावर काय?

परवा कॅन्टीनमध्ये टीममधला एक ज्युनिअर म्हणाला, "दोन वर्षं मानवी हक्कांत फेलोशिप करतो. रेझ्युमेवर भारी दिसते बे!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र महेश राऊत आठवला.

मुंबईच्या टिसमध्ये शिकून तो पंतप्रधान ग्रामीण विकास फेलो म्हणून गडचिरोलीत गेला. सरकारी फेलोशिप, बरं का! ती संपल्यावर तिथेच राहून ग्रामसभांसोबत वनहक्क आणि तेंदूपत्त्यावर काम केलं. 6 जून 2018 ला आपल्याच नागपुरातून अटक. भीमा कोरेगाव प्रकरण, यूएपीए. 2023 मध्ये हायकोर्टाने जामीन दिला, पण लगेच स्थगिती. सप्टेंबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने अंतरिम जामीन दिला, तोही आजारपणामुळे. सात वर्षं, खटला न चालता..

आरोप खरे की खोटे ते कोर्ट ठरवेल. पण स्टायपेंड चालू असेपर्यंत 'ग्रेट यार' म्हणणारे आपण नंतर कुठे असतो? (मीपण त्यातलाच.)

ज्युनिअरला विचारलं, "तिसऱ्या वर्षी काय?"

"पुन्हा आयटी."

मग कशाला बे कोणाची तरी जागा अडवतोस?