गाणे बिघडले म्हणता, वर्गणी कुणाला दिली?

एप्रिल लागला की आमच्या शिकल्यासवरल्या बांधवांचे एक दुखणे उफाळून येते. "वामनदादांच्या काळात गाणे होते हो, आता नुसता गोंगाट आहे." चंद्रपुरात हे ऐकू येते, मूल-सिंदेवाहीत ऐकू येते, गडचिरोलीच्या नोकरदार कॉलनीत तर हमखास. बोलणारे बहुधा साठीच्या पुढचे, पेन्शनीत निघालेले, वस्ती सोडून पंचवीस वर्षे झालेले. चौदा एप्रिलला सकाळी पुतळ्याला हार घालायचा, संध्याकाळी मिरवणूक कॉलनीजवळ आली की खिडक्या लावायच्या आणि दुसऱ्या दिवशी समाजाची अभिरुची घसरली म्हणून व्हॉट्सअॅपवर लिहायचे. या मंडळींशी आम्हाला भांडायचे आहे. भांडण घरातले आहे, म्हणून आडपडदा ठेवणार नाही.

गाणे घसरले ही ओरड नवी आहे का? १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा अभिमानी. सिनेमाची गाणी उथळ आहेत, लोकांची रुची बिघडवतात असे त्यांचे ठाम मत होते, आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार झाले. लोकांनी काय केले? रेडिओची सुई सिलोनकडे फिरवली. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांनी उथळ ठरवलेली ती गाणी म्हणजेच आज सगळे ज्याला सुवर्णकाळ म्हणतात तो काळ! पेटीचेही तसेच. १९४० पासून सुमारे तीस वर्षे हार्मोनियमला आकाशवाणीवर बंदी होती. आमच्या कव्वालाची पेटी, भजनी मंडळाची पेटी. ती म्हणे भारतीय संगीताला चालत नाही. 'दर्जा' हा शब्द कुणाच्या हातात असतो आणि तो कुणावर चालवला जातो, हे आम्हाला तरी कुणी शिकवायला नको.

आणखी एक तारीख जुळवून बघा. १९५५ च्या एप्रिलपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाची छप्पन्न गाणी प्रसारित झाली. माडगूळकर-फडके मोठे कलावंत होते, त्याबद्दल वाद नाही. ती मालिका संपल्यावर सहा महिन्यांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला आमच्या चंद्रपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या सोहळ्याला झाडीपट्टीतून माणसे पायी आली, बैलबंडीने आली. वाटेत ती काय गात आली? त्याचे ध्वनिमुद्रण कुणापाशी आहे? एका बाजूची छप्पन्नच्या छप्पन्न गाणी जपली गेली आणि दुसऱ्या बाजूचे जे कुणाच्या तोंडी राहिले तेवढेच राहिले. मग आज जुन्यातली चाळून उरलेली पाचपन्नास उत्तम गाणी एका हातात घ्यायची, नव्यातला सगळा भुसा दुसऱ्या हातात घ्यायचा आणि म्हणायचे, बघा कशी घसरण झाली. जुन्या काळातही भुसा होताच. तो वाऱ्यावर गेला म्हणून आता दिसत नाही.

"हल्लीची पोरे सिनेमाच्या चाली चोरतात" हा आक्षेप तर हसण्यासारखा आहे. वामनदादा कर्डकांचे १९४३ सालचे पहिले गाणेच एका हिंदी गाण्याचे विडंबन होते. मोठ्या वयात मुंबईत अक्षरओळख झालेल्या माणसाने लोकांच्या ओठांवर आधीच बसलेली चाल उचलली आणि तिच्यात आपला शब्द भरला. चाल शिकवण्यात वेळ घालवायचा नाही, तो वेळ विचाराला द्यायचा, असा तो हिशेब. जलशाचा, कव्वालीचा सगळा कारभार असाच उभा राहिला. तेव्हा चालीवरून पोरांना बोलू नका.

आता आवाजाचे. तो वाढला आहे, आणि फक्त आमच्या मिरवणुकीत नाही. स्पेनमधल्या संशोधकांनी २०१२ साली १९५५ ते २०१० या काळातली पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताची साडेचार लाखांहून अधिक ध्वनिमुद्रणे संगणकाने तपासली. ध्वनिमुद्रणे हळूहळू अधिक मोठ्या आवाजाची होत गेली आणि वाद्यांच्या नादातले वैविध्य कमी झाले, असे त्यांना दिसले. म्हणजे गोऱ्यांचेही तेच. पण आमच्या पोरांच्या आवाजाला आणखी एक कारण आहे आणि ते कॉलनीतल्या खिडकीतून दिसत नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून वाद घातला गेला आणि आमच्या एका तरुणाला मारून टाकण्यात आले. जून २०२३ मध्ये नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत, गावात भीमजयंती काढली याचा राग धरून आणखी एकाचा खून झाला. ज्या देशात मोबाईलमधल्या गाण्यासाठी जीव जातो तिथे पोरगा मुख्य रस्त्यावर, मारुतीच्या देवळासमोरून, छाती फुटेल एवढ्या आवाजात तेच गाणे वाजवतो. त्याला अभिरुचीचे धडे द्यायच्या आधी तो काय सांगतो आहे ते ऐकून घ्या.

एवढे पोरांच्या बाजूने बोललो. आता पोरांशीही बोलायचे आहे, कारण काहीतरी गेले आहे हे आम्हालाही कळते.

झाडीपट्टीत खडी गंमत रात्रभर उभी राहायची. डफ, ढोलकी, तुणतुणे, बाईच्या वेशातला नाच्या, आणि शाहीर. पुढे कव्वालीचे मुकाबले आले. दोन पार्ट्या समोरासमोर बसायच्या. एकीने सवाल टाकायचा, दुसरीने गाण्यातच जवाब द्यायचा. सवाल पुणे कराराचा असे, हिंदू कोड बिलाचा असे, बुद्धाने घर का सोडले याचा असे. जवाब चुकला तर समोर सतरंजीवर बसलेली म्हातारी बाई तिथूनच ओरडायची, चुकलं रे! तिला अक्षर वाचता येत नव्हते, पण करारात काय गमावले हे तिला पाठ होते. नागोराव पाटणकर, प्रकाशनाथ पाटणकर हे कव्वाल विदर्भात घराघरात माहीत होते ते नुसत्या गळ्यामुळे नव्हे. त्यांना ऐकायला बसलेला माणूस तपासणीस होता.

डीजेसमोर कुणी बसत नाही. तिथे बसायची सोयच नाही. शब्द ऐकू येत नाही, त्यामुळे शब्द चुकला तरी चालतो. मग गाणी लिहिणारेही तसेच लिहू लागतात: नाव घ्या, 'बाप' म्हणा, 'वाघ' म्हणा, बेस वाढवा. बाबासाहेबांनी काय लिहिले, कशासाठी राजीनामा दिला, याची गरजच उरत नाही. लिहिणाऱ्याची अक्कल कमी झाली म्हणून हे होत नाही. असे लिहिले की खपते आणि तसे लिहिले तर कुणी विचारत नाही, एवढेच त्याचे कारण आहे.

यात कायद्याचाही हात आहे, त्याकडे कुणी बघत नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद ठेवायला सांगतात. वर्षातले फार तर पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकते. नियम चांगल्या हेतूचा आहे, आजाऱ्याला झोप हवीच. पण परिणाम बघा. जेवणे आटोपून दहाला सुरू होणारा आणि पहाटे संपणारा मुकाबला शहरात या नियमात मावेना. चारला निघून दहाच्या आत चौकात संपणारी मिरवणूक मात्र नेमकी मावली, मग तिचा आवाज कितीही असो.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट पैशाची. जयंतीची वर्गणी कोण देते? मोलकरणी देतात, कोळसा खाणीतले ठेका मजूर देतात, शिक्षक देतात, तेंदूपत्त्याचे पैसे यायच्या आधी उसने काढून देणारी घरेही आम्हाला माहीत आहेत. त्या पैशाचा मोठा वाटा एका रात्रीत डीजेवाल्याला, जनरेटरच्या डिझेलला आणि लाइटला जातो. डीजे म्हणजे एक गाडी, एक मालक, दोन पोरे आणि एक पेन ड्राइव्ह. आमच्याकडची धुमाल पार्टी वेगळी, तिला डीजेत ढकलू नका. धुमालही कानठळ्या बसवते, पण तिथे आठदहा पोरे हाताने वाजवतात. वस्तीतलीच असतात, रियाज करतात आणि बिदागी घेऊन घरी जातात. कव्वाल पार्टीत पेटीवाला, ढोलकीवाला, बँजोवाला, कोरसची मंडळी. त्यांना मंडळ काय सांगते? "दादा, यंदा बजेट नाही, समाजाचं काम आहे, सांभाळून घ्या." डीजेवाल्याला कुणी समाजाचे काम सांगत नाही, त्याचा अॅडव्हान्स आधी जातो. मग तो कलावंत म्हातारपणी मानधन योजनेच्या अर्जासाठी पंचायत समितीत खेटे घालतो आणि आपण कला संपली म्हणून हळहळतो.

जिथे वर्गणी कमी पडते तिथे प्रायोजक येतो. निवडणुकीचे वर्ष असेल तर डीजे 'फुकट' मिळतो. गाडीवर बाबासाहेबांच्या शेजारी कुणाचा फोटो लागला आहे ते बघा, म्हणजे फुकटची किंमत कळेल. खाणीत मजुरांना किमान वेतन न देणारा कंत्राटदार आमच्या मिरवणुकीला साउंड देतो आणि त्याच साउंडवर आम्ही शोषणमुक्तीचे गाणे वाजवतो! कव्वालाला असे फुकट पाठवायला कुणी धजत नाही. तो माईकवर काय बोलेल याचा भरवसा नसतो.

"पण लोक आता बसून ऐकतच नाहीत" असे कुणी म्हणेल, तर त्याला दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत आणा. मंडईच्या दिवसांपासून होळीपर्यंत गावोगाव नाटके होतात. वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालये आहेत, तारखा तिथे ठरतात. शेतकरी, मजूर तिकीट काढून थंडीत घोंगडी पांघरून रात्रभर बसतो आणि गाणे रंगमंचावर प्रत्यक्ष गायले जाते. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ ची पद्मश्री मिळाली. तिथेही 'डान्स हंगामा' शिरला आहे, तक्रारी तिथेही आहेत. पण माणसाने स्वतःच्या खिशातून पैसे मोजले की तो बसतो, ऐकतो आणि नाटक पडले तर तोंडावर सांगतो. संभाजीनगरच्या कडुबाई खरात हातात एकतारी घेऊन गायल्या आणि मोबाईलवर लाखोंनी ऐकल्या. त्या ऐकणाऱ्यांत डीजेसमोर नाचणारी पोरेही होती. म्हणजे कान शाबूत आहेत.

एक गोष्ट राहिली, बायांची. मुकाबल्याच्या सतरंजीवर अर्ध्या बाया असायच्या. डीजेच्या गर्दीत त्या रस्त्याच्या कडेला, पोरांना कवटाळून उभ्या असतात. वर्गणी मात्र त्यांच्याच हातून येते.

म्हणून आमची मागणी अभिरुचीची नाही, हिशेबाची आहे. येत्या १६ ऑक्टोबरच्या आधी चंद्रपूर-गडचिरोलीतल्या प्रत्येक मंडळाने मागच्या जयंतीचा जमाखर्च विहाराच्या भिंतीवर लावावा: डीजेला किती, गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसांना किती, आणि प्रायोजक कोण. पुढच्या वर्षी निम्मी रक्कम माणसांना द्यावी. मुकाबला संध्याकाळी पाचला सुरू करावा, दहाला संपवावा, म्हणजे पोलिसांनाही निमित्त नको. मिरवणूक काढा, नाचा, आमचा विरोध नाही. आणि कॉलनीतल्या बांधवांनो, तुम्हाला वामनदादा एवढे आठवत असतील तर पावतीपुस्तक घेऊन पोरे दारात येतील तेव्हा शंभराची नोट देऊन दार लावू नका. कव्वालाची सुपारी तुमच्या नावाने फाडा, आणि त्या संध्याकाळी सतरंजीवर येऊन बसा.