'शॉर्टसर्किट' हे उत्तर नव्हे

आग लागली की दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेलं वाक्य येतं : शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज. मेलेले गरीब असतील तर हा प्राथमिक अंदाजच शेवटचा निकाल ठरतो.

आगीचा तपास हे शास्त्र आहे. तपासनीस राखेकडून मागे चालत जातो. भिंतीवर काजळी कुठून वर चढली, लाकूड कुठे खोल जळालं, वायरच्या टोकाला तांब्याचा मणी कुठे झाला, हे तो पाहतो. पण वितळलेली वायर दिसली म्हणजे कारण सापडलं, असं तो मानत नाही. आगीनेच वायरचं आवरण जळून नंतर शॉर्टसर्किट होऊ शकतं. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे वेगळं काढणं हेच त्याचं खरं कौशल्य. तथागतांनीही नशिबाला दोष द्यायला नाही, कारण शोधायलाच शिकवलं.

आता भंडारा आठवा. ९ जानेवारी २०२१. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात १० बाळं गेली. आगीचं मूळ बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरपाशी असल्याचं चौकशीत सांगितलं गेलं. शल्यचिकित्सक निलंबित झाले. कंत्राटी परिचारिकांच्या नोकऱ्या गेल्या आणि पुढे गुन्हा दाखल झाला तो दोन परिचारिकांवर. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात ११ रुग्ण दगावले. अटक झाली एका महिला डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना.

परिचारिकांची चूक नसेलच, असं माझं म्हणणं नाही. पण ठिणगी कशी पडली हा तपासाचा अर्धाच प्रश्न आहे. ती विझली का नाही, धूर कळला का नाही, माणसं बाहेर का निघाली नाहीत, हा उरलेला अर्धा. त्याचं उत्तर वायरिंग, देखभाल, मंजुरी आणि निधीच्या फायलींत असतं. तिथवर तपास पोचतच नाही. जबाबदारीची उतरंड जातीच्या उतरंडीसारखीच आहे : अधिकार वर, शिक्षा खाली.

आमच्या नंदुरबारमध्ये सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरची आई अशक्त बाळ घेऊन सरकारी दवाखान्यातच येते. तिला दुसरा पर्यायच नाही. म्हणून मागणी साधी आहे : जळालेली जागा आधी राखा, तपास आरोग्य खात्याबाहेरच्या तज्ज्ञांकडे द्या आणि अहवाल मराठीत जाहीर करा. सांत्वन आणि मदतीचा चेक हे उत्तर नव्हे. बाळ का गेलं, हे कळणं तिचा हक्क आहे.

जय भीम!