कानांनी वाचलेली पुस्तकं

दोस्तांनो, या आठवड्याच्या टपालात एक पत्र असं निघालं, की बाकीची सगळी बाजूला ठेवावी लागली. पत्र आठवीतल्या एका मुलाचं आहे. 'नाव छापू नका' असं त्यानंच लिहिलंय, म्हणून छापत नाही.

त्याला वाचायला फार वेळ लागतो. एक ओळ संपवून दुसरीवर यावं, तर डोळे तिसरीवर जाऊन बसतात. मराठीच्या तासाला उभं राहून धडा वाचायची पाळी आली, की मागच्या बाकांवर खसखस पिकते. पण गेल्या सुट्टीत या पठ्ठ्यानं मोबाईलवर अख्खी 'श्यामची आई' ऐकली. दोनदा रडलो, असंही प्रामाणिकपणे लिहिलंय. शाळा सुरू झाल्यावर वर्गात विचारलं गेलं, सुट्टीत कोणी काय वाचलं? यानं हात वर केला आणि 'वाचलं नाही, ऐकलं' असं सांगितलं. उत्तर मिळालं, "ऐकलं ते वाचलं नव्हे. बस खाली."

त्याचा प्रश्न एका ओळीचा आहे. मी लबाडी केली का?

नाही रे राजा. मुळीच नाही. आणि 'श्यामची आई'च्या बाबतीत तर नाहीच नाही. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यातल्या प्रकरणांना त्यांनी काय म्हटलंय, आठवतंय? रात्र पहिली, रात्र दुसरी, रात्र तिसरी. आश्रमातली संध्याकाळची प्रार्थना झाली, की श्याम आठवणी सांगायला बसतो आणि मित्र त्याच्याभोवती गोळा होऊन ऐकतात. म्हणजे पुस्तकातली ती सगळी माणसं श्यामची आई ऐकतच होती! आमचा हा आठवीतला मित्र त्यांच्याच शेजारी जाऊन बसला, एवढंच.

ही गंमत फक्त आपल्याकडची नाही. इंग्लंडमधले चार्ल्स डिकन्स तुम्हांला ठाऊक असतील. त्यांच्या कादंबऱ्यांचे जाडजूड ठोकळे पाहून आज कॉलेजातली मुलंही दचकतात. पण त्यातल्या बऱ्याचशा कादंबऱ्या पहिल्यांदा ठोकळ्याच्या रूपात आल्याच नव्हत्या. दर महिन्याला एक पातळसा भाग निघायचा आणि घरातला एकजण तो मोठ्यानं वाचायचा. बाकीचे विणकाम करत, शेकोटीशी हात शेकत ऐकायचे. त्या काळी ज्यांना अक्षरओळख नव्हती अशी माणसं थोडीथोडकी नव्हती. त्यांनाही डिकन्स पोचायचे ते असे, कानांवाटे.

पुढे तर डिकन्स स्वतःच वाचायला उभे राहिले. १८५३ च्या डिसेंबरात बर्मिंगहॅमला त्यांनी 'अ ख्रिसमस कॅरोल' ही आपली गोष्ट लोकांसमोर वाचली. वाचन जवळजवळ तीन तास चाललं. तीनच दिवसांनी त्यांनी ती पुन्हा वाचली. या वेळी खास कामगारांसाठी, स्वस्त तिकिटात, आणि तेही स्वतःच्याच आग्रहावरून. १८५८ पासून तर ते गावोगाव फिरून पैसे घेऊन वाचनं करू लागले. वाचायची प्रत ते वेगळी तयार करायचे. नको ती वाक्यं खोडलेली, समासात स्वतःसाठी सूचना लिहिलेल्या, इथे आवाज असा, इथे हातवारे तसे. नाटकाच्या तालमीसारखी तयारी! १८७० च्या मार्चमध्ये लंडनला त्यांनी शेवटचं वाचन केलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते वारले. स्वतः लेखकाला ज्यात कमीपणा वाटला नाही, त्यात ऐकणाऱ्याला का वाटावा?

आता जरा घरी परत येऊ. मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हरिभाऊ आपट्यांबद्दल. 'पण लक्ष्यात कोण घेतो?' ही त्यांची कादंबरी 'करमणूक' या त्यांच्याच साप्ताहिकात क्रमशः येत होती. 'करमणूक' सुरू झालं १८९० साली. म्हणजे तीही आठवड्याआठवड्याला वाट पाहून वाचलेली कादंबरी, तुम्ही या अंकाची वाट पाहता तशीच. (पाहता ना?) पण आज ग्रंथालयातली तिची एखादी जुनी प्रत उघडा. घरांत, नाहीं, कांहीं, मीं... जिकडेतिकडे अनुस्वारांचे ठिपके! पानावर कोणी मोहरी सांडल्यासारखी. वाक्यं लांबलचक. दोन पानांत मुलं म्हणतात, बापरे, हे जुनं आहे, आपल्याला नाही झेपायचं.

पण यातली मेख अशी आहे, की हे ठिपके फक्त डोळ्यांना दिसतात. बोलताना त्यांचा उच्चार होतच नाही. म्हणूनच १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते काढून टाकले. तेव्हा हीच पानं कोणी चांगलं वाचून दाखवली, तर ठिपके आपोआप गळून पडतात आणि उरते ती यमू. आपल्या लहानपणापासूनची हकिगत सांगणारी एक मुलगी. भावाशी खेळते, भांडते. मग तिचं लग्न होतं. तेही तुमच्यातल्या कित्येकींहून लहान वयात. पुढे तिच्या वाट्याला काय आलं ते इथे सांगत नाही, पण ते ऐकताना घास घशाखाली उतरत नाही. आणि वाक्यं लांब का, तेही ऐकताना कळतं. मनात साठलेलं सांगायला बसलेलं माणूस मध्येच पूर्णविराम देत नाही. 'आणि मग', 'पण तेवढ्यात' असं म्हणत पुढे जात राहतं. पानावर जे अवघड वाटतं, ते तोंडी अगदी रोजचं असतं. एखाद्या बाईच्या आवाजात ही कादंबरी ऐकली, तर ती एका पुरुषानं लिहिली आहे हे खरंच वाटणार नाही.

मात्र वाचणारा चांगला हवा. यात तडजोड नाही. पु. ल. देशपांड्यांचा 'अंतू बर्वा' त्यांच्याच आवाजात ऐकून पाहा. रत्नागिरीकडच्या त्या बोलण्यातला हेल, वाक्याच्या शेवटी घेतलेली क्षणभराची विश्रांती. माणसं हसायला लागतात ती बहुतेक वेळा त्या विश्रांतीत. एकदा ते ऐकलं, की 'व्यक्ती आणि वल्ली' हातात घेतल्यावर छापील अक्षरं त्याच आवाजात बोलायला लागतात. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी तर गावोगावी कथाकथन करून हजारो लोकांना मराठी कथेची गोडी लावली. त्यातल्या कितीजणांनी आयुष्यात कथासंग्रह विकत घेतला असेल?

याउलट काही रेकॉर्डिंगं अशी असतात, की कान धरून पळावं. मागे सनई नाहीतर व्हायोलिन सतत रडतंय, वाचणारा प्रत्येक वाक्याला गहिवरतोय. लेखकानं जे साधेपणानं लिहिलंय ते साधेपणानंच वाचायला हवं. रडायचं की नाही ते आमचं आम्ही ठरवू! आणखी एक. ऐकण्याआधी 'संक्षिप्त' असं कुठे बारीक अक्षरांत लिहिलंय का ते बघा. दहा तासांचं पुस्तक दोन तासांत उरकलेलं असेल, तर ते पुस्तक नव्हे, पुस्तकाचा निरोप आहे. आणि वेग दीडपट करण्याचं ते बटण परीक्षेच्या व्याख्यानांसाठी राहू द्या. यमूला धावायला लावू नका.

'ऐकलं ते वाचलं नव्हे' म्हणणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. एडिसननं १८७७ मध्ये फोनोग्राफ बनवला. त्याचा काय काय उपयोग होईल याची यादी त्यानं पुढच्याच वर्षी दिली, आणि त्यात अंध माणसांना वाचून दाखवणारी पुस्तकं होती. इंग्लंडमध्ये १९३५ साली तशी 'बोलकी पुस्तकं' खरोखरच निघाली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांचा विचार त्यामागे होता. अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तींची एक रहस्यकथा होती. तबकडीच्या एका बाजूला साधारण पंचवीस मिनिटं मावायची, म्हणजे खुनी कोण हे कळेपर्यंत किती तबकड्या उलटायच्या ते बघा! पण त्या सैनिकांना 'तुम्ही पुस्तक वाचलं नाहीत, बसा खाली' असं म्हणायची कोणाची छाती झाली असती का?

आता पत्रवाल्या मित्रा, थोडं तुझ्यापुरतं. ओळी उड्या मारतात हा आळस नाही. आधी आई-बाबांना सांगून डोळे तपासून घे. डोळे ठीक असतील, तर शाळेतल्या समुपदेशकांशी किंवा डॉक्टरांशी बोला. काही मुलांना वाचनात अशी खरीखुरी अडचण असते, तिला डिसलेक्सिया म्हणतात, आणि अशा मुलांना शिकवायच्या वेगळ्या पद्धती आहेत. हुशारीशी तिचा काही संबंध नाही. तोवर ऐकणं सोडू नकोस. फक्त ऐकताना पुस्तकही मांडीवर उघडून ठेव आणि आवाजाबरोबर ओळीखालून बोट फिरव. शब्द कसा ऐकू येतो ते कान सांगतील, पण तो ऱ्हस्व की दीर्घ हे पानाकडूनच शिकावं लागतं. 'श्यामची आई' तू ऐकलीच आहेस, तेव्हा सुरुवात तिच्यापासूनच कर. कुठल्या रात्री काय घडतं हे माहीत असलं, की डोळे कमी घाबरतात.

बाकीच्यांनीही एक करून पाहायला हरकत नाही. हवं ते पुस्तक आवाजात मिळालं नाही, तर घरात आजी, आत्या, मामा, जो कोणी छान वाचत असेल त्याला रोज रात्री एक प्रकरण वाचायला लावा. आजीला मोतीबिंदूमुळे दिसत नसेल, तर तुम्हीच तिला वाचून दाखवा. ती तुमचे उच्चार सुधारेल, मध्येच आपल्या माहेरच्या गोष्टी सांगेल, आणि प्रकरण अर्धंच राहील. राहू दे.

तुमच्याकडे काय वाचलं गेलं ते नक्की कळवा. आणि हो, पत्र पाठवणाऱ्या मित्रा, 'श्यामची आई'तल्या कोणत्या दोन रात्री रडलास ते लिहायचं राहिलंय!